जिओकॅशिंग : संकेत आणि वाद
जीपीएसच्या आधारे लपवलेला डबा शोधण्याचा मैदानी छंद. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा उठवली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्या बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा हवाबंद डबाही होता. आज खाद्यपदार्थ ठेवणे निषिद्ध आहे, कारण वासाने प्राणी डबा फोडतात.

डब्यातील वहीत सही करावी, वस्तू घेतल्यास तोलामोलाची दुसरी ठेवावी, डबा होता तसाच लपवावा, जागामालकाची परवानगी घ्यावी, हे मूळ संकेत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते.

सर्वांत कडवा वाद बदली डब्याचा. मूळ डबा सापडला नाही की काही जण तिथे स्वतःचा डबा टाकतात आणि शोध लागल्याची नोंद करतात. ही मदत नव्हे. मूळ डबा अनेकदा जागेवरच असतो, मग एकाच ठिकाणी दोन डबे होतात आणि पुढच्यांचा गोंधळ उडतो. रस्त्याकडेला ओळीने शेकडो डबे मांडणाऱ्या मालिकांवरही आकड्यांच्या हव्यासाचा आक्षेप घेतला जातो.