गटाराआधी आलेलं शहर: वसई-विरार

जेवत असाल तर हा एपिसोड नंतर ऐका. वसईचा इतिहास म्हटलं की किल्ला, चिमाजी अप्पा, १७३९. आज मी बोलणार आहे फ्लश केल्यानंतरच्या इतिहासाबद्दल. मैला जातो कुठे, आणि जबाबदारी कोणाची?

सुरुवात १९९० पासून करूया. राज्य सरकारने सिडकोला वसई-विरार भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. तेव्हा पश्चिमेला केळीच्या वाड्या होत्या, पावसाचं पाणी साठवून विहिरी जिवंत ठेवणारी बावखलं होती. हे सगळं बिल्डिंगांखाली जाईल म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांनी 'हरित वसई'चं आंदोलन केलं. पण मुंबईत घर न परवडणारी माणसं येतच राहिली. बिल्डिंगा झाल्या, मलवाहिन्या मागे राहिल्या. मग उपाय काय? प्रत्येक बिल्डिंगखाली सेप्टिक टँक.

या टाकीत गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी बाहेर जातं. शुद्धीकरण अर्धवटच. टाकी भरली की टँकर बोलवायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टेम्पररी फिक्स म्हणतो, आणि असे फिक्स वर्षानुवर्षं तसेच राहतात.

३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. अनेक गावांनी विरोध केला. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. आता पाइप कुठपर्यंत टाकायचा हे ठरवायला आधी हद्द पक्की हवी ना? इथे हद्दच वादात!

जरा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाख. नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे दिवसाला साधारण १३ कोटी लिटर. विरारच्या बोळींजमधल्या प्रकल्पाची क्षमता आहे ३ कोटी.

उरलेली जबाबदारी महापालिकेकडून सोसायटीवर, सोसायटीकडून ठेकेदारावर आणि ठेकेदाराकडून टाकीत उतरणाऱ्या माणसावर येते. एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीतल्या एका खासगी सांडपाणी प्रकल्पात चार कामगार गुदमरून मेले. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूंसाठी ३० लाखांची भरपाई ठरवली होती. कायदा होता, भरपाई ठरलेली होती, तरी चार जण गेले.

मग मलवाहिन्या येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं का? नाही. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकजवळच्या सिन्नर नगरपरिषदांनी दुसरा रस्ता धरला. टाकी तुंबायची वाट न बघता शहरभर ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसायच्या, खर्च करातून भागवायचा आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. म्हणजे टाकी तुमची असली तरी गाळ शहराचा.

मला वाटतं, वसई-विरारला सगळ्यात आधी हेच मान्य करावं लागेल.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तीन प्रश्न विचारा: टाकी शेवटची कधी उपसली, आत कोण उतरलं, आणि टँकर कुठे रिकामा झाला? उत्तरं मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!