तिसरी पंगत

गेल्या वर्षी लेकीने सिंगापूरहून एक फॉर्म पाठवला. लेक-जावई तिकडेच असतात. सगळ्यांनी मिळून चार रात्रींची क्रूझ करायची, असा तिचा बेत होता. नावं, पासपोर्ट, वय, आजार असं सगळं विचारून झाल्यावर फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता. रात्रीचं जेवण लवकरच्या बैठकीत हवं की उशिराच्या? पावणेसहा की सव्वाआठ? एकदा निवड केली की चारही रात्री तीच वेळ, तेच टेबल आणि तेच वाढपी.

यावर आमच्याकडे फोनवर दोन दिवस खल झाला. नात पाच वर्षांची, आठ वाजता तिचे डोळे मिटायला लागतात. जावयाच्या मते पावणेसहा ही जेवणाची नव्हे, चहाची वेळ. मला स्वतःला नऊच्या आत भूक लागत नाही. आई एक्याऐंशी वर्षांची, तिचं इन्सुलिन वेळेवर झालं पाहिजे. ती सगळं ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "अरे, पण वाढणारे कधी जेवणार?"

आम्ही हसलो. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. मी काही विद्यापीठातला इतिहासकार नाही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आणि उरलेल्या वेळात जुन्या जहाजांविषयी हाती लागेल ते वाचलं, जमवलं. या एका प्रश्नापायी ती सगळी टिपणं पुन्हा बाहेर काढली. त्यातून जे दिसलं ते इथे मांडतो.

सुरुवातीला जहाजावर बैठका नव्हत्याच. एक घंटा, एक टेबल. जानेवारी 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स लिव्हरपूलहून 'ब्रिटानिया' या क्युनार्ड कंपनीच्या आगबोटीने अमेरिकेला निघाला. तिथल्या लांबट जेवणघराची त्याने थेट शववाहिकेशी तुलना केली आहे. दुपारी एकला एक घंटा आणि संध्याकाळी पाचला दुसरी, असा त्या बोटीवरचा क्रम त्याच्या प्रवासवर्णनात येतो. लांब टेबलं, बसायला बाकं आणि बोट हलली की ताट धरून ठेवायची कसरत. 1871 मध्ये व्हाइट स्टार कंपनीची 'ओशनिक' आली. तिच्यावर पहिल्या वर्गाचं जेवणघर जहाजाच्या मध्यभागी, जिथे हेलकावे कमी बसतात तिथे नेलं गेलं आणि बाकांच्या जागी सुट्या खुर्च्या आल्या. ही सुधारणा मोठीच होती. मात्र बाकावर सरकून आणखी एकाला जागा देता येते, खुर्चीवर येत नाही. खुर्च्या आल्या आणि जेवणघरात नेमकी किती माणसं मावतात हा आकडा पक्का झाला.

दोन बैठकांचं मूळ या खुर्च्यांच्या हिशेबात आहे. 'टायटॅनिक'चंच उदाहरण घ्या. पहिल्या वर्गाच्या जेवणघरात एका वेळी पाचशेहून जास्त माणसं बसू शकत. तिसऱ्या वर्गाची प्रवासीक्षमता हजाराच्या घरात, खुर्च्या मात्र 473. म्हणजे बोट भरली की तिसऱ्या वर्गाला दोन पंगती आल्याच. पहिल्या वर्गातल्या माणसाला आपल्या आधी इथे कोण जेवून गेलं हा विचार करावा लागत नव्हता. त्याच्या मोलकरणी आणि खिदमतगार यांच्यासाठीसुद्धा वेगळं जेवणघर होतं. कोणी कोणासोबत जेवायचं हे भिंती ठरवत होत्या. घड्याळाचं काम फक्त तिथे पडे, जिथे जागा कमी होती.

आपल्याला हे नवं नाही. आपल्या पंगतीलाही दोन प्रश्न चिकटलेले असत. एक, कोणाच्या शेजारी कोण बसायचं. दुसरा, कोणाच्या आधी कोण बसायचं. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे सुधारकांनी सहभोजनं घातली, वाद झाले, प्रायश्चित्तं झाली. दुसऱ्याची फारशी चर्चा झाली नाही. लग्नात पाहुणे, व्याही, मुलं पहिल्या पंगतीला आणि घरच्या बायका शेवटच्या, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात काही ठरवलेलं आहे असंच कोणाला वाटत नसे. माझ्या मुंजीत आई साडेचारला जेवली, हे मला तिने नाही, मावशीने सांगितलं.

आता वेळेच्या प्रतिष्ठेकडे येऊ. लवकरची बैठक बाळबोध आणि उशिराची ऐटदार, ही समजूत कुठून आली? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधली बडी मंडळीसुद्धा मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास घेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते सरकत सरकत संध्याकाळी सात-आठवर गेलं. दिव्यांची सोय वाढली, कचेऱ्यांच्या वेळा बदलल्या. शिवाय उशिरा जेवणं परवडतं कोणाला? ज्याला पहाटे कामावर जायचं नाही त्याला. कामकरी घरात जेवण दुपारीच राहिलं आणि संध्याकाळी चहासोबत काही खाणं. श्रीमंत घरातल्या मुलांना पाचच्या सुमारास दाईच्या देखरेखीखाली वेगळं खायला घालून झोपवत. ही सगळी उतरंड जशीच्या तशी बोटीवर चढली. 'टायटॅनिक'च्या तिसऱ्या वर्गाचा 14 एप्रिल 1912 चा जेवणाचा तक्ता उपलब्ध आहे. त्यात 'डिनर' दुपारचं आहे आणि संध्याकाळी 'टी'.

मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवरही साहेबांच्या मुलांचं खाणं संध्याकाळी लवकर उरकून घेतलं जाई. मग आईबाप कपडे बदलून जेवायला जात. मुलांना भरवायला बरोबर आया असत, पुष्कळदा इथल्याच. मडमेच्या मुलांना सांभाळत विलायत गाठणाऱ्या या बायकांपैकी कित्येकींना तिकडे पोचल्यावर कामावरून सोडून दिलं जाई. परतीच्या प्रवासाची सोय होईपर्यंत राहण्यासाठी लंडनमध्ये त्यांच्याकरता आश्रयगृह होतं. हॅकनी भागातल्या त्या घरावर 2022 मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. मुलांना वेगळं जेवू घालण्याची कल्पना पुढे किती थाटाला गेली ते 1935 च्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच बोटीवर दिसतं. पहिल्या वर्गाच्या तिच्या दालनात एका वेळी सातशे माणसं बसत. मुलांसाठी स्वतंत्र जेवणघर होतं आणि त्याच्या भिंती बाबार हत्तीच्या चित्रांनी सजवलेल्या होत्या. थाट कितीही केला तरी अर्थ तोच की मुलं मोठ्यांच्या टेबलावर नकोत.

जहाजातल्या जेवणाच्या टेबलाची धास्ती काय असते हे गांधीजींनी आत्मकथेत प्रांजळपणे सांगितलं आहे. 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून निघालेल्या या तरुणाला काटे-चमचे चालवता येत नव्हते. कोणते पदार्थ बिनमांसाचे हे विचारायचा धीर होत नव्हता. त्यामुळे तो टेबलावर गेलाच नाही. बरोबर नेलेली मिठाई आणि फळं खोलीतच खात राहिला.

आता वाढणाऱ्यांकडे. पी. अँड ओ.च्या बोटींवर कामाची वाटणी मुलखाप्रमाणे असे. डेकवर गुजरातच्या आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. जेवणघर, पॅन्ट्री आणि केबिन मात्र गोयंकारांकडे. ख्रिस्ती असल्यामुळे गोमांस, डुकराचं मांस किंवा दारू हाताळायला त्यांची हरकत नसे. गोव्यातल्या गावागावांतून हे तारवटी मुंबईला येत आणि पुढची बोट मिळेपर्यंत आपापल्या गावाच्या कुडात राहत. धोबीतलावच्या जेर महालात असे पुष्कळ कूड होते. एक खोली, भिंतीला लावलेल्या पेट्या, गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना.

आमचं बालपण गिरगावातलं. जवळच्या एका कुडातल्या निवृत्त स्टुअर्डला आम्ही पोरं अंकल म्हणायचो. विलायतेच्या बोटींवर त्यांनी वीसेक वर्षं टेबलं लावली होती. ते सांगायचे, पहिली बैठक उठली की दुसरी बसायच्या आत खरकटं उचलायचं, चादर बदलायची, काटे-सुऱ्या-पेले पुन्हा मांडायचे, तेही असे, की इथे आधी कोणी जेवलंय हे दुसऱ्याला कळता कामा नये. पहिल्या बैठकीची माणसं गप्पा मारत बसली तर तो वेळ दुसऱ्या बैठकीच्या माणसांचा जात नाही, स्टुअर्डचा जातो. आणि तुम्ही कधी जेवायचात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "दोन बैठका झाल्यावर. पॅन्ट्रीत, उभ्याने." माझ्या टिपणवहीत या वाक्यासमोर मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, 'तिसरी पंगत'.

ऑक्टोबर 1958 मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी बोटींचे दिवस भरले. पोचण्यासाठी बोटीत बसायची गरज उरली नाही. मग बोटीत बसणं हीच सफर झाली. या बदलाची उत्तम साक्ष 'फ्रान्स' ही बोट. 1962 मध्ये ती धावू लागली तेव्हा तिच्यावर पहिल्या वर्गासाठी एक आणि टूरिस्ट वर्गासाठी दुसरं अशी दोन जेवणघरं होती. 1974 मध्ये तिला काढून टाकलं. 1980 मध्ये ती 'नॉर्वे' या नावाने मायामीहून कॅरिबियन सफरी करू लागली. आता सगळ्यांसाठी एकच वर्ग. जेवणघरं दोन्ही राहिली, फक्त नावं बदलून वाऱ्याच्या दिशांवरून ठेवली गेली. शेवटी ही बोट गुजरातेत अलंगला मोडीत निघाली. अलंगच्या रस्त्यावर मोडलेल्या बोटींच्या खुर्च्या, कपबशा विकणारी दुकानं आहेत. तिथे घेतलेल्या कुठल्याशा बोटीच्या खुर्चीवर बसून मी हे लिहितो आहे.

वर्ग गेले, पण खुर्च्यांचा हिशेब गेला नाही. क्रूझच्या बोटी वाढल्या तसं सगळ्यांना एकदम जेवू घालणारं दालन बांधणं परवडेना. निम्म्या माणसांचं दालन आणि दोन बैठका हा तोडगा रूढ झाला. नाटकघराचंही तेच. म्हणून लवकर जेवणाऱ्यांना नंतरचा खेळ आणि उशिरा जेवणाऱ्यांना आधीचा. फॉर्ममधल्या एका खुणेने तुमची सगळी संध्याकाळ ठरते ती अशी. 1998 मध्ये आलेल्या 'डिस्ने मॅजिक'ने पाहुण्यांना रोज वेगळ्या जेवणघरात पाठवलं आणि वाढप्यांना त्यांच्याबरोबर फिरवलं, पण बैठका दोनच ठेवल्या. 2000 मध्ये नॉर्वेजियन कंपनीने हवं तेव्हा या, हवं तिथे बसा अशी पद्धत आणली. तीही पसरली, तरी दोन बैठका संपल्या नाहीत. 'क्वीन मेरी 2'वर आजही बहुसंख्य प्रवासी दोन बैठकांच्या दालनात जेवतात आणि महागड्या केबिनवाल्यांना वेगळ्या दालनात त्यांचं टेबल संध्याकाळभर राखलेलं असतं. म्हणजे घड्याळापासून सुटका आजही विकत घ्यावी लागते.

मग निवड कशी करावी? घरात लहान मूल असेल तर लवकरची बैठक बरी. पण बंदरावर फिरून परतायला उशीर होणार असेल तर ती चुकते. बोट पश्चिमेला जात असेल तर घड्याळं मागे घेतात. बोटीचे सव्वाआठ वाजतात तेव्हा पोरांच्या पोटात सव्वानऊ वाजलेले असू शकतात. पूर्वेला जाताना उलटं. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन मंडळींना सिंगापूरकडे पावणेसहाची वेळ चालते, कारण तिथे सूर्य बाराही महिने सातच्या सुमारास मावळतो. हिवाळ्यात मुंबईहून निघालं तर तीच वेळ अपुरी पडेल.

आणि वाढणारे? 2013 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे असा दंडक घातला आहे. ती दोनहून अधिक तुकड्यांत तोडता येत नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. भारताने हा करार 2015 मध्ये मान्य केला. नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीच्या दोन बैठका वाढणाऱ्या माणसाचे दहा तास कसे जुळवायचे, हा हिशेब खुर्च्यांच्या हिशेबाहून अवघड आहे.

आम्ही पावणेसहा निवडलं. नातीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. टेबलावरचा मदतनीस मुलगा निघाला सासष्टीचा. आईने पहिल्याच रात्री त्याला विचारलं, "जेवलास रे?" तो कोंकणीत म्हणाला, चारला थोडं खाल्लं, आता अकरानंतर. आईने लगेच ताटल्या एकात एक घालायला घेतल्या. तो गडबडला. पाहुण्याने ताटल्या रचणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. तिने हात मागे घेतला.

दुसऱ्या रात्री गोड संपलं तरी जावई आणि मी बोलत बसलो होतो. बोलणं, अर्थातच, जुन्या बोटींविषयी चाललं होतं. आई खुर्ची सरकवून उभी राहिली. लग्नघरात म्हणतात त्याच आवाजात म्हणाली, "चला, उठा आता. पुढच्या पंगतीची पानं मांडायचीत त्याला."