फेरफाराला कुलूप

जमीन घेतली जाते तलवारीने. टिकते ती नोंदीने. मुलांना कल्याणचा इतिहास शिकवताना मला हे वारंवार जाणवते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने विमानतळासाठी कल्याणजवळच्या नेवाळी परिसरातील दीड हजार एकरांहून अधिक जमीन ताब्यात घेतली. युद्धानंतर ती परत मिळेल, ही शेतकऱ्यांची समजूत. युद्ध 1945 साली संपले. जमीन सरकारकडेच राहिली, पुढे नौदलाकडे गेली. नौदलाने कुंपणभिंत घालायला घेतली, तेव्हा 22 जून 2017 रोजी तेथे आंदोलन पेटले.

आता मिळकतीचा एक नवाच प्रकार निघाला आहे. इंटरनेटला क्रमांकांचे पत्ते लागतात. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे 430 कोटीच. म्हणून त्यांना भाव. युरोपातील पत्त्यांची नोंदवही ॲमस्टरडॅमची 'राइप एनसीसी' ही संस्था राखते. तलाठ्याचे दप्तरच म्हणा ना!

रशियाने 2022 साली युक्रेनवर मोठी स्वारी केली, तेव्हा तेथे धास्ती पडली : व्यापलेल्या मुलखात बंदुकीच्या धाकाने सही घेऊन पत्ते दुसऱ्याच्या नावे चढवले तर? उपाय साधा निघाला. धन्याने आधीच सांगून ठेवावे, 'अमुक काळ माझ्या पत्त्यांचा फेरफार करू नका.' मग धाकाची सही वाया जाते.

त्याच वर्षी युक्रेनने रशियाचे पत्ते काढून घ्यायला सांगितले. संस्थेने नकार दिला. वाचकहो, कुलपाचे बळ या नकारातच आहे. नेवाळीत जमीन घेणारा आणि दप्तर राखणारा एकच होता. तेथे कुलूप कोण लावणार?