फरशीखालची वसई

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की आपण थेट कबरींवर उभे राहतो. छप्पर केव्हाच गेलं. भिंती आणि कमानी उरल्या आहेत, आणि खालची जमीन म्हणजे एकीला एक लागून बसवलेल्या थडग्यांच्या शिळा. काहींवर घराण्याचं मानचिन्ह कोरलं आहे. बाकी सगळीकडे मोठ्या रोमन अक्षरांत पोर्तुगीज ओळी आहेत. शिळेवर मावावं म्हणून शब्द मध्येच तोडलेले, अक्षरं एकमेकांत गुंतवलेली. उभ्यानं काही लागत नाही; गुडघे टेकून, खाचेतून बोट फिरवत वाचावं लागतं.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि तिच्याबरोबर चर्चच्या आतच पुरण्याची त्यांची रीतही आली. कबर वेदीच्या जितकी जवळ तितकी ती मानाची, कारण रोजच्या प्रार्थनेत त्या आत्म्याचा वाटा मोठा असं मानलं जाई. लोकांनी शिळेवरून चालावं यात अपमान नव्हता. जाता-येता कुणीतरी नाव वाचून दोन शब्द देवापाशी टाकावेत, हाच तर हेतू होता. अर्थात ही जागा सगळ्यांना मिळत नसे. दान दिलेल्यांना मिळे, पदावरच्यांना मिळे.

जेझुइट चर्चमधल्या दोन शिळा मला या साऱ्या किल्ल्यात सर्वांत मोलाच्या वाटतात. एक इझाबेल द अगियार हिची, मृत्यू १५९१. दुसरी दोना फिलिपा द फोन्सेका हिची, मृत्यू १६२८. दोघी विधवा. पहिलीनं तिथल्या विद्यालयाला सढळ हातानं मदत केली, दुसरीनं हयातीतच होतं नव्हतं ते चर्चला देऊन टाकलं, असं त्या शिळा सांगतात. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये १६०६ मध्ये वारलेली दोना फ्रान्सिस्का द मिरांदा आपल्या लेकीशेजारी विसावली आहे. तिथलं प्रार्थनामंदिर तिच्या घरानं बांधलेलं. वसईचा इतिहास आपण कप्तान, तह आणि तोफा यांच्यावरून पाठ करतो. या वास्तू कुणाच्या पैशावर उभ्या राहिल्या, हे मात्र ही फरशीच सांगते, आणि तिच्यावर बायकांची नावं ठळक आहेत.

वसईचा सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती सुपुत्र मात्र इथे नाही. गोन्सालो गार्सिया याच जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर चढवण्यात आलं. १८६२ मध्ये तो संत ठरला. त्याचा सण आजही किल्ल्यातल्या त्या जेझुइट चर्चमध्ये साजरा होतो, इझाबेलच्या कबरीच्या सान्निध्यात.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज कुटुंबं चीजवस्तू घेऊन निघून गेली. मृत मागेच राहिले. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं त्या शिळांवर झाडोरा माजला. तो बाजूला सारून त्या नीट वाचल्या जुझे जेर्सन द कुन्या या गोव्याच्या डॉक्टरानं. मुंबईत वैद्यकी करता करता त्यांनी चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर १८७६ मध्ये पुस्तक काढलं. शिळा आज झिजत चालल्या आहेत, म्हणून त्यांनी उतरवून घेतलेला मजकूर लाखमोलाचा.

द कुन्यांच्या काळापर्यंत जगभर चर्चच्या आतलं दफन बंद होत आलं होतं. शहरं दाटली, रोगराईची भीती वाढली, आणि मृतांना गावाबाहेर न्यायचं सरकारांनी ठरवलं. फ्रान्समध्ये नेपोलियननं १८०४ मध्ये तसा हुकूम काढून दफनभूमी नगरांच्या ताब्यात दिल्या. पोर्तुगालमध्ये १८४६ साली याच गोष्टीवरून मिन्यो प्रांतात बंड पेटलं आणि त्यात पुढे होत्या शेतकरी बायका: आमची माणसं चर्चमध्येच पुरू द्या! आपल्याकडे मुंबईत १८६५ मध्ये आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीला बागेची जमीन ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. बोरीबंदरचं स्टेशन रचणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथे आहेत. टिळकांचे सहकारी आणि मुंबईचे महापौर काका बॅप्टिस्टाही तिथेच आहेत. त्यांचं मूळ घराणं वसईच्या खाडीपलीकडल्या उत्तनचं.

वसईत दफनभूमी राहिली ती धर्मग्रामाची (पॅरिशची), चर्चच्या आवारात किंवा शेजारी. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा सगळ्या ख्रिस्ती समाजांना एकच माती. इथे जागा दानावर ठरत नाही. बहुतेक कबरी कायमच्याही नसतात: काही वर्षांनी कबर उघडायची, अस्थी बाजूला ठेवायच्या, माती पुढच्याला द्यायची. शिळांवर आता मराठी आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर प्रार्थना लोकभाषेत आली. वसईत या मराठीला ‘सुवार्ता’ मासिकाचं आणि पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलचं बळ मिळालं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, याच कबरी झेंडूनं आणि मेणबत्त्यांनी भरून जातात.

पण धर्मग्रामाची माती ही गावकीची माती. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तोवर नालासोपारा-विरारच्या इमारतींत लाखो माणसं येऊन राहिली होती. त्यांतल्या ख्रिस्ती, मुसलमान, लिंगायत कुटुंबांना इथे आजोबांची कबर नाही. मृतांसाठी जागा राखणं आणि नव्या जागा देणं हे महापालिकेचं कायद्यानं बंधनकारक काम आहे. रस्ता आणि पाण्याच्या ओळीत ते १९४९च्या महानगरपालिका अधिनियमात लिहिलेलं आहे. विकास आराखड्यात मैदान नि शाळेसाठी जागा मागायला आपण भांडतो, तसंच दफनभूमीच्या आरक्षणासाठीही वसईकरांनी भांडायला हवं, आणि जुन्या गावांनी त्यात नव्यांच्या बाजूनं उभं राहायला हवं.