चहा-कॉफीच्या सीमेवरील बेळगाव

राज्यांच्या सीमा राजपत्रात छापल्या जातात. पेयांच्या सीमा मात्र कोठेही छापून येत नाहीत. तरीही त्या असतात. कोल्हापूर-निपाणीकडे चहाचे राज्य, तर म्हैसूर-बंगळूरकडे कॉफीचे. बेळगाव या दोहोंच्या मध्ये वसलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, हे आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले आहे. पण कॉफी काही त्या दिवशी सरकारी दप्तराबरोबर आली नाही. ती आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच होती.

सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने येमेनहून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, असे परंपरा सांगते. तेथून निघालेल्या या पेयाला दोन घराणी लाभली. एक मराठी घरातले : साखर-पाण्यात पूड उकळून, दूध घालून, फडक्यातून गाळून घेतलेले, त्यावर किसलेले जायफळ, एकादशीलाही चालणारे. दुसरे दक्षिणेचे : पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेला, बहुधा चिकोरी मिसळलेला कडक अर्क, त्यात ऊन दूध आणि वर फेस. बेळगावच्या वाड्यांतून पहिले घराणे नांदले, उडुपी उपाहारगृहांतून दुसरे. आणि इथल्या माणसाने दोन्ही आपली मानली.

पण कॉफीचा इतिहास हा केवळ चवीचा नाही, तो बैठकीचाही आहे. १६७५ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. लोक तेथे बसून राज्यकारभाराविरुद्ध बोलतात, अशी त्याची तक्रार होती. ओरड एवढी झाली की पंधरवड्याच्या आत तो मागे घ्यावा लागला. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले आणि पुढे त्याच्या शाखा देशभर झाल्या. स्वातंत्र्यानंतर कॉफी मंडळाने ही घरे बंद करावयास घेतली, तेव्हा कामगार नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बंगळूरला. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाऊस तर महाविद्यालयाच्या सान्निध्यामुळेच विख्यात झाले. मंडळाने हात काढून घेतला तरी घर चालू राहिले, कारण त्यात राबणाऱ्यांना आणि बसणाऱ्यांना ते आपले वाटत होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. तिचे प्रयोजन पुढे येईल.

बेळगावात १९३३ साली लिंगराज महाविद्यालय आणि १९४५ साली टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू झाले. या दुसऱ्या महाविद्यालयात पु. ल. देशपांडे काही काळ प्राध्यापक होते. त्यांच्या ‘गणगोत’मधील रावसाहेब हे याच गावचे, कानडी वळणाची ती मराठी त्यांनी साऱ्या महाराष्ट्राच्या कानी घातली. याच बेळगावात १९४६ च्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्यानंतर राज्य बदलले, विद्यापीठे बदलली : आधी मुंबईचे, मग धारवाडचे, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ. २०१४ साली गावाचे अधिकृत नावही बेळगावी झाले. महाविद्यालयाच्या दारातील विद्यार्थ्यांची बैठक मात्र राहिली.

टिळकवाडीतील अशाच एका लहानशा कॉफीच्या दुकानात अलीकडे आमचे जाणे झाले. पाच-सहा टेबले, भिंतीशी बाक, आणि एका पेल्यावर तासभर बसले तरी कोणी उठवत नाही अशी सोय. शेजारच्या टेबलावर चार मुले-मुली होती. ‘काय करायलास?’ असे मराठीत सुरू झालेले वाक्य कानडीत वळत होते आणि इंग्रजीत संपत होते. आमच्या हातातील पुस्तक पाहून एका मुलीने त्याचे नाव वाचण्याचा प्रयत्न केला. एकेक अक्षर लावीत वाचले. बोलण्यात अस्सल बेळगावी असलेली ती मुलगी म्हणाली, ‘‘आजी वाचायची, मला पटकन जमत नाही.’’ त्यात खंत नव्हती, साधी माहिती होती. त्यामुळेच ती आम्हांस अधिक लागली.

निपाणीत हाच प्रश्न नकाशावरच दिसतो. तिथले देवचंद महाविद्यालय गावालगत अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. निपाणी शहर कर्नाटकात. विद्यार्थी एका राज्यात तास करून दुसऱ्या राज्यात चहा-कॉफी घेतात. त्यांच्या गप्पांना मात्र सीमेवर नाका लागत नाही.

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राने तेथे दावा लावणे योग्यच होते, असे आमचे मत आहे. आयुष्य सरकारी फाइलींत गेल्यामुळे कागदाचे मोल आम्ही जाणतो. परंतु फाइलीने जमिनीचा निकाल लागतो, जिभेचा नव्हे. आणि वाचनाचा तर नव्हेच. बोली गप्पांच्या टेबलावर अजून जिवंत आहे, लिपी मात्र त्या टेबलावरून उठू लागली आहे. कानडी शिकू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोन्ही घराण्यांची कॉफी पिणाऱ्या गावाला दोन लिपी जड नाहीत.

येथे कॉफी हाऊसची गोष्ट पुन्हा आठवावी. संस्था हात काढून घेतात तेव्हा घर चालविण्याचे काम नित्याच्या माणसांवर येते. आपल्या जुन्या घरांनी नातवंडांसह अशा दुकानांत जावे, बरोबर एखादे मराठी मासिक न्यावे आणि परतताना ते टेबलावर ठेवून यावे. दुकानदाराची हरकत असणार नाही. आणि एखादी मुलगी त्यातील पहिली ओळ सावकाश का होईना, लावील.