क्लाउड क्रीक धरण क्र. १

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओक्लाहोमा राज्यात वॉशिटा परगण्यातील कॉर्डेल शहराजवळ असलेले मातीचे पूरनियंत्रक धरण. ते जुलै १९४८ मध्ये पूर्ण झाले. उपनद्या व ओढ्यांवर लहान धरणे बांधून पूर उगमाकडेच अडवायचा, या संघराज्याच्या योजनेतील हे देशातले पहिले धरण होय.

वॉशिटा नदीला ३–४ एप्रिल १९३४ च्या रात्री आलेल्या पुरात हॅमन परिसरात १७ जणांचा बळी गेला. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने अशा कामांसाठी ११ नदीखोरी निवडली, त्यांत वॉशिटाचे खोरे होते. कामाची जबाबदारी कृषी खात्याच्या मृद्‌संधारण विभागाकडे आली. १९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर लागू झाली. या योजनांखाली ११ हजारांहून अधिक धरणे उभी राहिली असून त्यांपैकी सुमारे २,१०० एकट्या ओक्लाहोमात आहेत.

या प्रकारच्या धरणांचा भराव दाबून बसवलेल्या मातीचा असतो. जलाशयातील उभ्या काँक्रीटच्या मनोऱ्यातून पाणी भरावाखालच्या नळात उतरते. मनोऱ्याच्या तोंडाशी पाणी येईपर्यंतचा साठा गाळासाठी राखलेला असतो. त्यावर चढलेले पुराचे पाणी नळातून काही दिवसांत आपोआप ओसरते, दरवाजे उघडायला माणूस लागत नाही. मोठ्या पुरासाठी भरावाच्या कडेला नैसर्गिक जमिनीत खोदलेला, गवत राखलेला सांडवा असतो. पाणी धरणमाथ्यावरून वाहिले तर भराव धुपून फुटण्याची भीती असते, म्हणून सांडव्याची रुंदी व माथ्याची उंची हिशेबाने ठरवतात.

धरणांचे धोकावर्ग तीन : कमी, लक्षणीय व उच्च. भराव मजबूत आहे की कमकुवत, याचा या वर्गवारीशी संबंध नाही. धरण फुटलेच असे धरून खालच्या बाजूला पाणी किती खोल व किती वेगाने जाईल हे काढतात. फक्त शेतजमीन बुडणार असेल तर वर्ग कमी. मोठे रस्ते, लोहमार्ग वा सार्वजनिक सेवांचे नुकसान होणार असेल तर लक्षणीय. जीवितहानी संभवत असेल तर उच्च. त्यामुळे सुस्थितीतले धरण उच्च वर्गात असू शकते व डागडुजीला आलेले कमी वर्गात. ओक्लाहोमात उच्च वर्गातील धरणांची तपासणी दरवर्षी, लक्षणीय वर्गाची तीन वर्षांनी व कमी वर्गाची पाच वर्षांनी करावी लागते. उच्च वर्गासाठी आपत्कालीन कृती आराखडाही सक्तीचा आहे. तपासणीत भरावावर वाढलेली झाडे, प्राण्यांची बिळे, खालच्या उतारावरचा झिरपा, गंजलेला नळ व गुरांनी तुडवलेले गवत बारकाईने पाहतात.

सुरुवातीची बहुतेक धरणे शेतांच्या माथ्यावर, कमी धोक्याच्या निकषांवर बांधली गेली. पूर थांबल्यावर खाली घरे झाली, की धरणात काहीही न बदलता त्याचा वर्ग चढतो आणि जुना सांडवा नव्या निकषांना अपुरा ठरतो. मग माथा उंच करणे, सांडवा रुंद वा काँक्रीटचा करणे किंवा धोक्याच्या पट्ट्यातील घरे हलवणे, हे पर्याय उरतात. २००० च्या कायद्यानुसार अशा पुनर्बांधणीचा ६५ टक्के खर्च संघराज्य सोसते. दैनंदिन देखभाल मात्र स्थानिक मृद्‌संधारण मंडळांसारख्या प्रायोजक संस्थांकडे असते. धरणाखालच्या खासगी जमिनीवरील बांधकाम रोखण्याचा अधिकार या मंडळांना नाही.