२०१४ च्या तोंडावरची नवी मुंबई

२०१४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांपूर्वी नवी मुंबई हा राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचा बालेकिल्ला समजला जात होता. राज्यात १९९९ पासून काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या आघाडीचे सरकार होते, महापालिका २००० पासून राष्ट्रवादीच्या हाती होती आणि शहरातील बहुतेक महत्त्वाची पदे एकाच घरात होती. गणेश नाईक बेलापूरचे आमदार, राज्य उत्पादन शुल्क मंत्री आणि ठाणे जिल्ह्याचे पालकमंत्री होते. त्यांचे एक पुत्र संजीव ठाण्याचे खासदार, दुसरे पुत्र संदीप ऐरोलीचे आमदार, तर पुतणे सागर महापौर. मे महिन्यात यातली खासदारकी गेली आणि ऑक्टोबरात खुद्द मंत्र्यांची आमदारकी. पराभवाचे कारण म्हणून ‘मोदी लाट’ एवढेच सांगण्याची पद्धत पडली आहे. लाट होती, यात शंका नाही; पण या शहरात सत्ताधारी पक्ष त्याआधीच अडचणीत आलेला होता, आणि त्या अडचणी शहराच्या जन्मापासूनच्या होत्या.

मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. हे शहर उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचा हा मुलूख. भाव तुटपुंजा आणि संपादन सक्तीचे, म्हणून शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी आंदोलन उभे केले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचा बळी गेला. पुढे शरद पवार मुख्यमंत्री असताना १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचा निर्णय झाला. १९९४ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. पाच जीव गेल्यावर जे मिळाले ते सरकारची मेहेरबानी म्हणून कोणी स्वीकारले नाही. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्ताचे सत्तेशी असलेले नाते तेव्हापासून हक्काचे आणि संशयाचे आहे.

महापालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली. १९९५ ची पहिली निवडणूक शिवसेनेने जिंकली आणि संजीव नाईक पहिले महापौर झाले. गणेश नाईक तेव्हा शिवसेनेतच होते. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारात त्यांना मंत्रिपदही मिळाले. १९९९ मध्ये ते शिवसेनेतून बाहेर पडले आणि नव्याने निघालेल्या राष्ट्रवादीत गेले. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेच्या सीताराम भोईर यांनी त्यांचा पराभव केला. पण दुसऱ्याच वर्षी महापालिका नाईकांनी राष्ट्रवादीच्या नावावर आपल्याकडे राखली. विधानसभेत हार आणि पालिकेत जीत, हा प्रकार या शहरात तेव्हा पहिल्यांदा दिसला.

पालिकेतील यशामागे ठोस कारणे होती. २००२ मध्ये पालिकेने मोरबे धरण विकत घेतले. राज्यात मुंबईखेरीज स्वतःच्या मालकीचे धरण क्वचितच कोणत्या महापालिकेकडे होते. आजूबाजूच्या शहरांत टँकरच्या रांगा लागत असताना इथे स्वस्त पाणी नळाला येत होते. मालमत्ता कर वाढवायचा नाही, हे धोरणही लोकांना भावले. नगरसेवक हाकेच्या अंतरावर, पाणी पुरेसे आणि कर स्थिर असेल तर प्रभागातला मतदार पक्ष बदलण्याच्या फंदात सहसा पडत नाही. लोकसभा-विधानसभेला मात्र तोच मतदार वेगळा हिशेब मांडतो, कारण त्याचे मोठे प्रश्न पालिकेच्या हातातले नव्हतेच. ते सिडको आणि मंत्रालय यांच्या हातात होते.

त्यात पहिला प्रश्न गावठाणांचा. कुटुंबे वाढली, गावठाणांची हद्द मात्र होती तेवढीच राहिली. साडेबारा टक्क्यांचे भूखंड वर्षानुवर्षे रखडले, तेव्हा लोकांनी घराशेजारी, घरावर, जमेल तिथे बांधकाम केले. प्रकल्पग्रस्त त्याला ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. सिडकोच्या दप्तरी ती अनधिकृत होती. घरे नियमित करण्याची आश्वासने निवडणुकीगणिक मिळत गेली आणि नोटिसाही येत राहिल्या. पालकमंत्री स्वतः बोनकोडे गावचे, आगरी समाजातले. आपला माणूस मंत्रिमंडळात असूनही घर कायदेशीर होत नाही, ही खंत विरोधी पक्षाच्या कोणत्याही आरोपापेक्षा अधिक नुकसान करणारी होती.

दुसरा प्रश्न नोडमधल्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या वसाहतींतल्या, इमारतींचा. वाशीसारख्या जुन्या नोडमध्ये सिडकोने बांधलेल्या इमारती दोन-तीन दशकांतच मोडकळीस आल्या. छताचे प्लास्टर कोसळून माणसे जखमी होत होती. पुनर्बांधणी परवडावी म्हणून रहिवासी अडीच चटई क्षेत्र निर्देशांकाची मागणी करत होते. फाइल मंत्रालयात फिरत राहिली. या इमारतींत राहणारा नोकरदार, मध्यमवर्गीय मतदार हाच २०१४ मध्ये भाजपकडे सर्वाधिक ओढला गेलेला वर्ग होता. अधिसूचना निघाली ती सत्तांतरानंतर, २०१५ मध्ये. पंधरा वर्षे राज्य करणाऱ्या आघाडीने याचे श्रेय स्वतःच्या हाताने घालवले, असेच म्हणावे लागते.

तिसरा प्रश्न विमानतळाचा. प्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, पण पनवेल तालुक्यातील दहा गावांचे स्थलांतर आणि जमिनीचा मोबदला यांवर तिढा होता. पृथ्वीराज चव्हाण सरकारने २०१३ च्या अखेरीस साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचे पॅकेज जाहीर केले. साडेबारा टक्क्यांच्या तुलनेत ही मोठी झेप होती. तिचा राजकीय लाभ मात्र फारसा झाला नाही; लोकसभेची आचारसंहिता लागायला काही महिनेच उरले होते, आणि दिलेला शब्द प्रत्यक्षात यायला किती काळ जातो, याचा अनुभव ९५ गावांना आधीच होता. त्याच सुमारास शीव-पनवेल महामार्गाच्या टोलवरून खारघर-पनवेल भागात असंतोष वाढला. पनवेलचे काँग्रेस आमदार प्रशांत ठाकूर सप्टेंबर २०१४ मध्ये भाजपमध्ये गेले, त्यामागे हा टोलचा प्रश्न होता.

राज्यातले वातावरणही प्रतिकूलच होते. ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २०१० मध्ये अशोक चव्हाणांचे मुख्यमंत्रिपद गेले होते. सिंचनाच्या वादात अजित पवारांनी सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्रिपद सोडले आणि डिसेंबरात ते परत आले.

राष्ट्रवादीची एक हुकमी मतपेढी तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजारात होती. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेले माथाडी कामगार बहुतांशी सातारा आणि पश्चिम महाराष्ट्रातले. पोट नवी मुंबईत, घरदार गावी. २३ मार्च २०१४ रोजी माथाडींच्या मेळाव्यात शरद पवारांनी साताऱ्याचे मतदान १७ एप्रिलला आणि इथले २४ एप्रिलला असल्याचे सांगून, तिकडे मत दिल्यावर शाई पुसून इकडेही द्यावे, अशा आशयाचे विधान केले. निवडणूक आयोगाने नोटीस बजावली. ते गमतीने बोललो, असा खुलासा पवारांनी केला. प्रसंग छोटा, पण त्यातून पक्षाची निकड दिसली. मतदारांत नवी भर पडत नव्हती. आहेत तेच पुरवून वापरायचे होते.

आकडे हेच सांगतात. २००९ च्या लोकसभेत संजीव नाईकांना सुमारे ३ लाख १ हजार मते मिळाली आणि शिवसेनेच्या विजय चौगुले यांचा त्यांनी सुमारे ४९ हजारांनी पराभव केला. त्या वेळी मनसेच्या राजन राजे यांनी १ लाख ३० हजारांहून अधिक मते घेतली होती. म्हणजे ठाण्यासारख्या शिवसेनेच्या जागेवर राष्ट्रवादी जिंकली ती विरोधी मतांच्या फुटीवर. २०१४ मध्ये संजीव नाईकांची मते कमी झाली नाहीत. उलट ती सुमारे ३ लाख १४ हजार झाली. पण मनसेचा जोर ओसरला होता, भाजप-शिवसेना एकदिलाने लढत होती आणि नव्या मतदारांचा ओघ त्याच बाजूला होता. शिवसेनेचे राजन विचारे सुमारे २ लाख ८१ हजारांच्या फरकाने निवडून आले. नवी मुंबईतही राष्ट्रवादी मागे पडली. राज्यात ४८ पैकी ४२ जागा भाजप-शिवसेनेच्या महायुतीला, चार राष्ट्रवादीला आणि दोन काँग्रेसला मिळाल्या.

मेपासून ऑक्टोबरपर्यंतच्या पाच महिन्यांत सत्ताधाऱ्यांना एकच दिलासा मिळाला, तोही विरोधकांकडून. २५ सप्टेंबरला भाजप-शिवसेना युती तुटली. त्याच दिवशी आघाडीही मोडली, राष्ट्रवादीने पाठिंबा काढला आणि पुढे राज्यात राष्ट्रपती राजवट लागली. चारही मोठे पक्ष स्वबळावर उतरले. बेलापुरात भाजपची उमेदवारी मंदा म्हात्रे यांना मिळाली, ज्या पूर्वी राष्ट्रवादीतच होत्या. १५ ऑक्टोबरला मतदान झाले आणि १९ ऑक्टोबरच्या मोजणीत गणेश नाईक १,४९१ मतांनी हरले. शिवसेनेच्या विठ्ठल मोरे यांनाही सुमारे ५१ हजार मते पडली. भाजप-शिवसेना एकत्र असती तर नाईकांचा पराभव लोकसभेसारखाच मोठा झाला असता. आघाडी टिकली असती तर काँग्रेसची मते मिळून ते कदाचित निवडूनही आले असते. ऐरोलीत संदीप नाईकांनी विजय चौगुले यांच्याविरुद्ध जागा राखली. त्यामुळे गड पूर्ण पडला नाही, पण राज्यातले सरकार आणि त्याबरोबरचे मंत्रिपद गेले.

एप्रिल २०१५ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. १११ जागांपैकी राष्ट्रवादीला ५२, शिवसेनेला ३८, काँग्रेसला १०, भाजपला ६ आणि अपक्षांना ५ जागा मिळाल्या. सहा महिन्यांपूर्वी बेलापूर जिंकणारा आणि राज्यात सरकार चालवणारा भाजप इथे चौथ्या क्रमांकावर होता. काँग्रेसच्या साथीने राष्ट्रवादीचे सुधाकर सोनवणे महापौर झाले. १९९९-२००० मध्ये घडले तेच पंधरा वर्षांनी पुन्हा घडले.

पालिकेची ही सत्ता राष्ट्रवादीची म्हणण्यापेक्षा नाईकांच्या मांडणीची होती, हे २०१९ मध्ये उघड झाले. विधानसभा निवडणुकीपूर्वी आधी संदीप आणि सप्टेंबरात गणेश नाईक भाजपमध्ये गेले. नगरसेवकांचा मोठा गटही त्यांच्यामागे गेला. बेलापूरची उमेदवारी भाजपने मंदा म्हात्रे यांच्याकडेच कायम ठेवली. संदीप नाईकांनी ऐरोलीची जागा वडिलांसाठी मोकळी केली आणि गणेश नाईक तिथून भाजपचे आमदार म्हणून निवडून आले.